आजेसासूबाईंची वाकळ: आधी टाके, मग पाणी, शेवटी गोट

वाचकाचं पत्र

माझ्या आजेसासूबाईंनी १९६२ च्या सुमारास शिवलेली वाकळ माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेत सापडली. साधारण पाच फूट बाय सात फूट. वर लुगड्यांचे तुकडे, आत बहुतेक धोतरं. मधल्या पाच ओळींचे टाके तुटलेत. इरकलीचा एक हिरवा तुकडा चिरलाय आणि काळ्या तुकड्यांना हात लावला की बोटाला भुकटी येते. तोंडाकडची कड झिजून आतले थर दिसतात. कुबट वास आहे, एका कोपऱ्यात गंजाचे डाग आहेत. वॉशिंग मशीनमध्ये घालू का? गल्लीतला शिलाईवाला म्हणतो, वरून-खालून नवं कापड लावून मशीन मारून देतो, नव्यासारखी होईल. फेब्रुवारीत लेक बाळंत होणार आहे, बाळाला तीच पांघरावी असं मनात आहे.
– एक वाचक, कराड

उत्तर

ताई, शिलाईवाल्याला आधी नको म्हणून कळवा. बाकीचं सावकाश बघू.

त्याच्या कामात खोट आहे म्हणून नाही. साठ वर्षं जुन्या सुती कापडाला मशीनची टीप सोसत नाही, एवढंच. मशीन दर इंचाला आठ-दहा भोकं पाडतं, तीही एका सरळ रेषेत. नवं कापड ती भोकं मिटवून घेतं. विरलेलं कापड तिथेच फाटतं, पोस्टाच्या तिकिटांच्या पानासारखं. त्यात मशीनचा पाय वरचा थर पुढे ढकलतो आणि खालचे थर मागे राहतात, म्हणून दोन ओळींमध्ये चुण्या साचतात. वरून लावलेलं नवंकोरं कापड पहिल्या धुण्यात आटतं. मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर सहज जातात. जुनं कापड आटून कधीच मोकळं झालेलं असतं, ते काही आटत नाही. मग नवं ओढतं आणि जुनं फाटतं. शिवाय वाकळीत कापडाइतकाच जीव टाक्यात असतो. आजेसासूबाईंचा हात त्या टाक्यांत आहे, आणि नव्या कापडाखाली पहिल्यांदा तोच झाकला जाईल.

कामाचा क्रम असा ठेवा: तपासणी, कोरडी सफाई, सुटलेल्या ओळी, मग धुणं (तेही जमलं तर), मग ठिगळं, आणि अगदी शेवटी गोट, म्हणजे कडेभोवती दुमडून शिवायची पट्टी. बहुतेक जण उत्साहाने धुण्यापासून सुरुवात करतात आणि वाकळ तिथेच हातची जाते. ओळी सुटलेल्या असतील तर पाण्यात आतली धोतरं सरकतात, गोळा होतात आणि वाळल्यावर गाठोड्यासारखी बसतात. ती पुन्हा सरळ करायची तर सगळी वाकळ उसवावी लागते.

तपासणी दिवसाच्या उजेडात, जमिनीवर पांढरी चादर पसरून करा. आधी लोहचुंबक कापडाला न घासता, जरा वर धरून सगळ्या वाकळीवरून फिरवा. जुन्या वाकळीत तुटलेल्या सुईची टोकं निघतात, कधी गंजलेली टाचणीही. तुमच्या कोपऱ्यातल्या डागाखाली असं काही अडकलेलं असू शकतं. सापडलं तर ओढून काढू नका, शेजारचा एखादा टाका सैल करून अलगद बाहेर घ्या.

मग प्रत्येक तुकड्याची ताकद बघा. बोटांच्या चिमटीत कापड धरून हलकेच ताणायचं. धागे सरकले पण तुटले नाहीत, तर कापड शिवण सोसेल. 'कर्र' असा बारीक आवाज आला तर तिथे सुई घालू नका. काळ्या तुकड्यांची भुकटी होते आहे ती बहुधा रंगामुळे. जुने काही काळे आणि गडद तपकिरी रंग लोखंड आणि हिरड्यासारखी तुरट द्रव्यं मिळून बनत. त्यातलं लोह वर्षानुवर्षं कापड आतून खात राहतं. म्हणून एकाच वाकळीत शेजारचा लाल तुकडा धडधाकट असतो आणि काळा जळल्यासारखा होतो. हे थांबवता येत नाही, झाकता मात्र येतं. त्याबद्दल पुढे.

इरकलीचा तुकडा नक्की कशाचा आहे ते आधी ठरवा. इरकल लुगड्यात अंग सुती आणि पदर रेशमी अशी जुनी पद्धत, पण पुढे कृत्रिम रेशीमही आलं. चिरेतून सुटलेला एक धागा चिमट्यात धरून मेणबत्तीवर जाळा, खाली पाण्याची वाटी ठेवून. केस जळाल्याचा वास आला तर रेशीम. कागद जळाल्यासारखा वास आणि मऊ राख, म्हणजे सूत किंवा कृत्रिम रेशीम. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर, म्हणजे ते ठिगळ नंतर कधीतरी लावलेलं असणार. धाग्याला चमक असूनही कागदाचा वास आला तर सावध व्हा. ते कृत्रिम रेशीम, आणि ओलं झालं की त्याची निम्मी ताकद जाते. ते पाण्यात चोळलं की संपलं.

आता कोरडी सफाई. दोन दिवस सावलीत, वाऱ्यावर, बाजेवर पसरून ठेवा आणि मधेमधे उलटा. कुबट वास निम्मा इथेच जातो. दांडीवर टाकून झोडपायचं नाही. मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा वाकळीवर पसरा आणि व्हॅक्यूम क्लीनर सगळ्यात कमी ओढीवर ठेवून जाळीवरून फिरवा. जाळीमुळे सुटलेले धागे आत ओढले जात नाहीत. काळ्या तुकड्यांवरून नळी फिरवूच नका. क्लीनर नसेल तर मऊ ब्रशने धूळ एकाच दिशेला सारा. बुरशीचे ठिपके असतील तर हे काम अंगणात आणि तोंडाला फडकं बांधून.

सुटलेल्या ओळी. तुटलेल्या टाक्यांचे जुने दोरे कापू नका, आत दाबून टाका. शाबूत ओळींवर पट्टी ठेवून टाक्याची लांबी आणि दोन ओळींतलं अंतर मोजा. टाका साधारण पाच ते आठ मिलिमीटरचा आणि ओळींत एक-दोन सेंटिमीटर असा हिशेब दिसतो, पण तुमच्या वाकळीचं माप तुमच्या वाकळीवरूनच घ्या. ओळी सरळ आहेत की काठापासून आत चौकोनात वळत गेल्यात तेही पाहा, कारण नवी ओळ त्याच वाटेने गेली पाहिजे.

दोरा सुतीच हवा. पॉलिएस्टरचा दोरा तुटत नाही हा त्याचा गुण, आणि इथे तोच दोष. ताण आला की काहीतरी तुटणारच. सुती दोरा असेल तर दोरा तुटतो, पॉलिएस्टरचा असेल तर कापड. भरतकामाच्या सहापदरी लडीतले तीन पदर वापरले की जुन्या दोऱ्याची जाडी बहुधा जुळते. लडी आठ मीटरची असते, म्हणजे तीन-तीन पदरांचा दोरा सोळा मीटर मिळतो. तुमच्या पाच ओळी लांबीच्या बाजूने, पूर्ण तुटलेल्या धरल्या तरी शिवण होते साडेदहा-अकरा मीटर, आणि त्याला दीडपट दोरा लागतो. एक लडी जेमतेम पुरेल, म्हणून दोन आणा. रंग पांढराशुभ्र घेऊ नका. जुना पांढरा दोरा आता दुधाळ पिवळा झालेला असतो, त्याच्याशी जुळवा.

सुई लांब, पण जितकी बारीक चालेल तितकी बारीक. दाभण अजिबात नको, त्याने पाडलेलं भोक जुन्या कापडात तसंच राहतं. हातशिलाईच्या सुयांत नंबर वाढला की सुई बारीक होते. थरांतून ओवायला चार-पाच नंबरची, ठिगळाला आठ-नऊची. दोरा कोपरापासून बोटांपर्यंत, पंचेचाळीस-पन्नास सेंटिमीटरहून लांब नको. लांब दोरा पन्नास वेळा त्याच कापडातून जातो, पिंजतो आणि गाठी मारतो. मधमाशीच्या मेणावरून एकदा फिरवून घेतला तर बराच सुरळीत चालतो.

गाठ मारायची नाही. ओळ जिथे तुटली त्याच्या चार-पाच सेंटिमीटर मागे, शाबूत टाक्यांच्या बाजूने, थरांच्या आत सुई घाला. एक बारीक हातटीप (सुई एक टाका मागे नेऊन पुढे काढायची) घ्या आणि जुन्या भोकांतूनच पुढे या. पलीकडच्या टोकालाही तेवढंच पुढे जाऊन संपवा. तीन-चार टाके सुईवर घेऊन मग दोरा ओढायचा आणि दर वेळी ओळीवरून अंगठा फिरवून कापड मोकळं करायचं. इथे दोरा घट्ट ओढणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. आपली ओळ शेजारच्या जुन्या ओळीपेक्षा खोल दिसू लागली की समजा हात घट्ट पडतोय.

आता धुण्याचा निर्णय. पांढरं फडकं गार पाण्यात भिजवून प्रत्येक रंगाच्या तुकड्यावर, मागच्या बाजूने मिळालं तर उत्तमच, पाच मिनिटं दाबून ठेवा. मग साबणाच्या पाण्यात भिजवून पुन्हा तसंच. लाल आणि काळ्याकडे विशेष लक्ष द्या. फडक्यावर रंग उतरला तर वाकळ धुवायची नाही. मिठाने किंवा व्हिनेगरने सुती कापडाचा रंग पक्का होतो हा समज आहे, त्याच्या भरवशावर पाण्यात घालू नका. तुमच्या काळ्या तुकड्यांचं वर्णन वाचून आमचा कल न धुण्याकडेच आहे. वाऱ्यावर टाकणं आणि जाळीवरून केलेली सफाई, एवढ्यावर वास सहन होण्याजोगा झाला तर तिथेच थांबा. मळकट पिवळेपणा घालवायच्या नादात धुतलेल्या वाकळी जास्त गेल्यात, न धुतलेल्या कमी.

रंग पक्के निघाले आणि धुवायचीच असेल, तर वॉशिंग मशीन नाही, ड्रायक्लीनिंग नाही, आणि धुण्याच्या दगडावर आपटणं तर नाहीच. आधी काळ्या आणि हिरव्या तुकड्यांवर मच्छरदाणीची जाळी ठेवून चारही बाजूंनी, शेजारच्या मजबूत कापडात, कच्चे टाके घाला. लहान मुलांचा पोहायचा फुगवायचा हौद असतो ना, तो या कामाला उत्तम, वाकळ जवळजवळ पसरून मावते. तळाला जुनी चादर अंथरा आणि वाकळ चादरीवर ठेवा. पुढचं सगळं उचलणं चादरीने, वाकळीला धरून नाही. तीन किलोची वाकळ भिजल्यावर आठ-नऊ किलोंची होते. दोन कोपऱ्यांना धरून उचलली तर तिच्याच वजनाने ओळी तटातट तुटतात.

पाणी साधं किंवा किंचित कोमट. दहा लिटरला एक चमचा सौम्य द्रव साबण, लोकरीचे कपडे धुवायचा असतो तसला. धुण्याचा सोडा आणि ब्लीच दोन्ही वर्ज्य, क्लोरीनने जीर्ण सूत आणखी कुजतं. रिठा वापरायचा तर पाणी दोनदा गाळून घ्या, नाहीतर पांढऱ्या धोतरांवर पिवळी झाक येते. चोळायचं नाही, तळव्याने वरून दाबायचं आणि सोडायचं. वीस मिनिटं पुरे. पहिलं पाणी चहासारखं निघेल, त्याने घाबरू नका, तो मळ आहे. पाणी लाल किंवा काळं दिसलं तर मात्र तो रंग. लगेच पाणी काढा आणि निवळ येईपर्यंत खळबळत राहा. चार ते सहा पाणी लागतात. साबण आत राहिला तर पुढे कापड पिवळं पडतं.

पिळायचं नाही. टॉवेल पसरून त्यात वाकळ गुंडाळा आणि दाबा, पुन्हा कोरडा टॉवेल घ्या. मग बाजेवर चादर टाकून सावलीत वाळवा, दर दोन तासांनी उलटा. आतले थर वाळायला पूर्ण दिवस लागतो, कधी दोन. म्हणून हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करा. वरून कोरडी लागते म्हणून घडी घातली आणि आत ओल राहिली, तर आठवड्यात काळे ठिपके येतात आणि ते जात नाहीत.

गंजाच्या डागावर लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवण्याचा उपाय कुणीतरी सांगेलच. आम्ही नको म्हणू. आम्ल आत राहिलं की सूत झिजतं आणि आसपासचा रंगही उडतो. गंजलेला भाग तसाच राहू द्या, कडक होऊन तुटत असेल तर त्यावर ठिगळ.

ठिगळाला दुकानातलं नवं कापड घ्यायचं नाही. घरातलं वापरून मऊ झालेलं सुती लुगडं, धोतर, मलमलीची ओढणी घ्या. दुसरा उपाय नसेल तर नवं सुती कापड तीन वेळा गरम पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढून टाका. खळ राहिली तर ठिगळ ताठ बसतंच, शिवाय कसर तिच्यावरच येते. ठिगळ विरलेल्या भागापेक्षा चारही बाजूंनी अडीच सेंटिमीटर मोठं कापा, म्हणजे सहा-सात मिलिमीटर आत दुमडूनही शिवण मजबूत कापडात पडते. विरलेल्या कडेलाच शिवलं तर महिन्याभरात नवी फाट ठिगळाच्या बाजूने निघते. ठिगळाचा उभा धागा खालच्या तुकड्याच्या उभ्या धाग्याला समांतर ठेवा. आडवा पडला तर एक कोपरा सारखा ओढलेला दिसतो. शिवायला चाळीस किंवा पन्नास नंबरचा सुती दोरा आणि तीन मिलिमीटरवर तुरपाई. मग वाकळीच्या जुन्या ओळी ठिगळावरून पुढे न्या, नाहीतर ते फुग्यासारखं उठून राहतं.

काळे तुकडे वेगळे. त्यांच्यावर ठिगळ लावलं की आजींनी निवडलेला तुकडा दिसेनासा होतो. तिथे पातळ काळी नेट, ओढणीला असते तसली मऊ, तुकड्यावर पसरा आणि त्याच्या कडांबाहेरच्या शाबूत कापडात बारीक टाक्यांनी बसवा. भुकटी आत राहते आणि दोन हातांवरून जाळी दिसतही नाही. इरकलीच्या चिरेला नेट नको. चिरेतून मलमलीचा, हिरव्याशी जुळणारा तुकडा आत सरकवा, चिरेच्या कडा एकमेकींना टेकतील इतक्याच आणा, ओढून जोडू नका. मग चिरेवरून आडवे लांब टाके, तीन-चार मिलिमीटरच्या अंतराने, दोन्ही बाजूंना सव्वा सेंटिमीटर जातील असे घालून ते खालच्या मलमलीला बसवा. कोपऱ्यांत त्रिकोणी तुकडे असतील आणि सुटले असतील तर तेही याच वेळी तुरपून घ्या. त्यांना शोभेची वस्तू समजू नका. उत्तर कन्नडमधले आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक त्यांच्या कवंदीच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या वाकळीच्या, कोपऱ्यांत असे दुमडलेले तुकडे लावतात, त्यांना 'फुला' म्हणतात, आणि त्यांच्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत.

गोट. जुना गोट काढू नका, झिजलेला असला तरी आतले थर तोच धरून आहे. नवा त्याच्यावरून बसवा. आधी कडेपासून एक सेंटिमीटर आत सगळे थर घेऊन सैल धावदोरा घाला, म्हणजे थर सरकणार नाहीत. तुमच्या वाकळीचा घेर चोवीस फूट, म्हणजे ७३२ सेंटिमीटर. कोपरे आणि शेवटचा जोड धरून साडेसात-पावणेआठ मीटर पट्टी लागेल. रुंदी सहा सेंटिमीटर: दोन्ही बाजूंना सव्वा-दीड दिसेल, बाकी दुमड आणि जाडी. ११० सेंटिमीटर पन्ह्याच्या कापडातून अशा आठ पट्ट्या काढल्या की भागतं, म्हणजे अर्धा मीटर कापड पुरे, अर्थात आधी धुऊन आटवलेलं. पट्ट्या तिरक्या जोडा. सरळ जोडल्या तर जोडाची सगळी जाडी एकाच जागी येऊन गाठ लागते. वाकळ रोज वापरायची असती तर पट्टी तिरपी कापायला सांगितली असती, कारण सरळ पट्टीत घडीवर एकच धागा सगळी झीज सोसतो. ठेवायच्या वाकळीला सरळ पट्टी चालते आणि कापड वाचतं.

लांब बाजूच्या मधून सुरुवात करा, कोपऱ्यातून कधीच नाही. पट्टीची सुलट बाजू वाकळीच्या वरच्या बाजूवर ठेवून कडेपासून सव्वा सेंटिमीटरवर धावदोरा, दर चौथा टाका हातटीप. कोपऱ्याच्या सव्वा सेंटिमीटर आधी थांबा, दोरा पक्का करा, पट्टी सरळ वर दुमडा, मग खाली आणा आणि पुढची बाजू सुरू करा. मग पट्टी मागे वळवून कड आत घ्या आणि तुरपा. शिवताना पट्टी ओढली तर कड आत वळून वाकळ परातीसारखी होते, वाकळ ओढली तर कडेला लाटा येतात. दर हातभर अंतरावर टाचण्या लावून दोन्ही सैल ठेवल्या की यातलं काही होत नाही. तोंडाकडच्या कडेवर गोट झाल्यावर वीत-सव्वा वीत रुंद मलमलीची पट्टी कच्च्या टाक्यांनी वरून-खालून घाला. तेल, घाम तिथेच लागतो, आणि ती उसवून वेगळी धुता येते.

ठेवताना पुन्हा त्या ट्रंकेत नको. प्लॅस्टिकच्या पिशवीतही नको, ओल आत कोंडते. धुतलेल्या पांढऱ्या धोतरात गुंडाळा, घडीच्या आत कापडाच्या वळकट्या ठेवा म्हणजे सळ पडणार नाही, आणि दर तीन महिन्यांनी घडी वेगळ्या जागी घाला. डांबरगोळ्या कापडाला टेकवू नका. कडुलिंबाचा पाला वापरायचा तर पूर्ण वाळवून पुरचुंडीत, सुटा पाला डाग पाडतो.

बाळाचं. या वाकळीचं पांघरूण बाळाला नको. वर्षाखालच्या बाळाला झोपेत जड, सुटं पांघरूण तोंडावर येण्याचा धोका असतो, आणि या वाकळीत त्याखेरीज बुरशीची शक्यता आणि झडणारा काळा रंग आहे. बाळासाठी दुपटी शिवा, ठिगळांसाठी काढलेल्या लुगड्यातलं उरलेलं मऊ कापड त्यालाच वापरा. वाकळ कापून त्यातून दुपटं काढायचं मनातही आणू नका. बारशाला ती भिंतीवर लावता येईल: मागच्या बाजूला वरच्या कडेखाली दहा सेंटिमीटर रुंद कापडी नळी पूर्ण पाच फूट, आतल्या थरांपर्यंत टाके घेऊन शिवा आणि त्यातून लाकडी दांडी घाला. खिडकीसमोरची भिंत नको. कार्यक्रम झाला की उतरवून ठेवा.

नळी शिवून होईल त्याच दिवशी मागे मलमलीचा चौकोनही लावा. त्यावर आजेसासूबाईंचं नाव, १९६२ च्या सुमारास, आणि खाली तुम्ही कुठल्या ओळी आणि कुठली ठिगळं कधी घातलीत ते धुऊन न जाणाऱ्या शाईने लिहा. चौकोनावर आधी लिहायचं, शाई वाळू द्यायची, मग शिवायचं. शिवून झाल्यावर लिहिलं तर शाई खालच्या धोतरात उतरते.